माझ्या मापाची बंदूक

सुखदेव, ती बंदूक माझ्या मापाची होती.

तुझ्या मापाची बनवून आणली, असं मी नाट्यमंडळाच्या सगळ्या पोरांसमोर सांगितलं आणि तू ते खरं मानलंस. ते खोटं होतं. बंदूक बनवणाऱ्या मिस्त्रीनं सुतळी लावून मोजला तो हात माझा होता. बंदुकीचा घोडा उजव्या बाजूला घ्या, असं सांगितलं तेही मीच. आणि तू डेबरा, डाव्या हाताचा, हे मला शाळेतल्या पहिल्या पाटीपासून माहीत होतं. एका पाटीवर आपण दोघं लिहायला बसलो की आपली कोपरं एकमेकांवर आदळायची.

हे सांगायला मला वेळ मिळाला नाही असं मी म्हणू शकत नाही. तुझी लेक वैशाली पाळण्यात होती तेव्हापासून ती नोकरीला लागेपर्यंतचा सगळा काळ माझ्यापाशी होता. महामार्गावर तुझं पंक्चरचं दुकान, त्याच्या मागे माझं मंडपाचं गोदाम. सकाळचा चहा आपण तुझ्या हवेच्या टाकीपाशी उभं राहून प्यायचो. गावाचं राजकारण, धानाचा भाव, पोरांची लग्नं, सगळं बोलून व्हायचं. एवढं एक राहायचं.

आठवतं का, बंदूक बनवायची वेळ आपल्यावर का आली? त्याआधीच्या वर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या नाटकात आपल्याकडे लाकडाची, तू काळ्या रंगानं रंगवलेली बंदूक होती. आवाजासाठी पडद्यामागे सुतळी बॉम्ब. भोजराज डाकू झाला होता. त्यानं बंदूक खांद्याला लावायच्या आधीच मागे बॉम्ब फुटला, आणि समोरचा सावकार गोळी लागायची वाट बघत उभाच राहिला. लोकांतून कुणीतरी ओरडलं, "अबे मर ना लवकर, आवाज होऊन गेला!" सगळं मैदान हसत सुटलं. रडायचा प्रवेश होता तो. तू विंगेत पोट धरून खाली बसलास. मला मात्र हसू आलं नाही. नाटक मी लिहिलेलं होतं.

म्हणून पुढच्या वर्षीच्या नाटकासाठी मी ठरवलं की बंदूक खरीखुरी दिसली पाहिजे. जुन्या मालगुजारांकडे असायची तशी चकमकीची. घोडा पडला की ठिणगी उडावी, वाटीतली चिमूटभर दारू भसकन पेटावी, धूर निघावा, आणि मागच्या ओळीतल्या बाईनंही डोळ्यांवर पदर घ्यावा. नाटक जमीनदाराच्या शिलेदाराचं होतं. शेवटच्या अंकात जमीनदार त्याला गावकऱ्यांवर बंदूक चालवायचा हुकूम देतो, शिलेदार रोखतो, आणि आभाळात झाडतो. मला तो प्रवेश जागेपणी दिसायचा. त्यात बंदूक धरलेला माणूस कोण होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो मी होतो, सुखदेव. आयुष्यभर मी भाऊ, मित्र, दिवाणजी, हवालदार अशी कामं केली होती. हिरो तू. तुझा आवाज, तुझी उंची. नाटक माझं होतं, तेव्हा ह्या वेळी शिलेदारही मीच होणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. कामं अजून वाटली गेली नव्हती.

देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या हद्दीजवळच्या गावात एक म्हातारा लोहार मिस्त्री होता. पूर्वी लोकांच्या जुन्या बंदुका दुरुस्त करायचा, आता विळे आणि नांगराचे फाळ करायचा. मी एकटाच गेलो. तू विचारलं होतंस, "मी येऊ काय सोबत?" मी म्हणालो, "कायले? रंग थोडीच द्यायचा आहे."

म्हाताऱ्याला आधी भीती वाटली. मी त्याला समजावलं की नाटकाची आहे, नळी आतून भरीव ठेव, छर्रा जाताच कामा नये, पोलीस पाटलाला दाखवूनच वापरणार आहोत. मग तो खुलला. म्हणाला, "मनखे कहाँ हे? मनखे के नाप बिना बंदूक नइ बनय." माणूस कुठे आहे? ज्याची बंदूक, त्याच्या मापाशिवाय बनत नाही. मला हसू आलं. म्हटलं, "बंदूक शिवता की काय, बाबा?" तो म्हणाला, टेलरचं बिघडलं तर पँट ढिली होते, माझं बिघडलं तर तोंड भाजते. आणि सुतळी हातात घेऊन माझ्याकडे बघत विचारलं, "तहीं चलाबे का?"

तूच चालवणार का?

मी म्हणालो, "हो. मीच."

मनातली गोष्ट मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ती त्या अनोळखी म्हाताऱ्यापुढे. त्यानं माझ्या कोपराच्या खाचेपासून बोटापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. मला खांदा झुकवायला लावून गालापर्यंत दुसरी गाठ मारली. घोडा आणि दारूची वाटी कुठल्या बाजूला, म्हणाला. मी उजवा हात पुढे केला. येताना बसमध्ये मी खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड बघत आलो.

मग सरपंचाच्या अंगणातली ती बैठक. मी नाटक वाचून दाखवलं, शेवटचा अंक वाचताना आवाजही चढवला. वाचून झालं आणि मला वाटलं, आता माझंच नाव घेतील. भोजराज म्हणाला, "बाप्पा, काय लिवलं गा मनोहर! सुखदेव ह्याच्यात आग लावते." सगळ्यांनी माना डोलावल्या. तू माझ्याकडे बघितलंस. "मनोहरले काय वाटते ते पुसा ना पहिले," असं म्हणालास. एकट्या तूच म्हणालास ते.

मी हसलो. म्हटलं, "मी बी सुखदेवच म्हननार होतो."

त्याच वेळी बोललो असतो तर काय झालं असतं? पोरांनी थोडी टिंगल केली असती. चहाच्या टपरीवर दोन दिवस मला शिलेदार म्हणाले असते. तेवढंच. आणि तू तर कदाचित कामही सोडून दिलं असतंस मला. ती दोन दिवसांची टिंगल मला सहन होणार नव्हती.

बंदूक आणायला गेलो तेव्हा ती तयार होती. दस्ता सागवानाचा, पितळेच्या पट्ट्या, घोड्याच्या जबड्यात चकमकीचा दगड. मिस्त्रीनं माझ्या खांद्याला लावून दिली आणि ती अशी बसली की जणू जन्मापासून तिथे होती. घोडा दुसऱ्या बाजूला बसवून द्या, चालवणारा माणूस बदलला, लांब हाताचा आहे, डावा आहे, एवढं म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तू तर म्हणालास मीच चालवणार. त्या म्हाताऱ्याला मी पुन्हा कधी भेटणारही नव्हतो. त्याच्यापुढेही मला लाज वाटली.

आणि मग मी ते बोललो. शाळेच्या पटांगणात पोतं उलगडून सगळ्यांसमोर म्हणालो, "ह्या बंदुकीले हात लावू नका कोनी. सुखदेवच्या मापाची बनवून आनली आहे, खास."

तुझ्या चेहऱ्यावरचं ते मला लिहिता येत नाही. तुझ्यासाठी कुणी मापाचा सदरासुद्धा शिवला नव्हता रे तोवर. थोरल्या भावाचे वापरलेले कपडे घालून तू मोठा झालास. तू दोन्ही हात आधी पँटला पुसलेस आणि मग ती घेतलीस. डाव्या खांद्याला लावलीस. हात लांब पडत होता, दस्ता आखूड, मान वाकडी करावी लागत होती.

"मनोहर, हे थोडी आडवी लागून राहिली गा."

"सवय होईल. उजव्या हातानं धर."

तू उजव्या खांद्याला लावून बघितलीस. परत डाव्या. आणि हसून म्हणालास, "माह्या मापाची आहे म्हनते, त मीच वाकडा असन."

सगळे हसले. मीही हसलो, सुखदेव.

तालमीत मी तुला रोज सांगायचो, उजवा हात, उजवा हात. तू प्रयत्न करायचास. पण शेवटच्या अंकात तू एकदा आत शिरलास की तुला हाताचं भान उरायचं नाही, तू शिलेदार असायचास, आणि बंदूक आपोआप डाव्या खांद्यावर जायची. आपला तो वादही त्याच दिवसांतला. तू म्हणायचास, शिलेदारानं बंदूक झाडायचीच कशाला? रोखावी, आणि मग मुकाट्यानं खाली ठेवून निघून जावी. "ज्याले मारायचं नाही तो आभाळाले तरी काऊन मारन?" मी म्हणायचो, मग एवढी बंदूक बनवली कशाला? लोकांना आवाज पाहिजे. तू म्हणायचास, लोकांना काय पाहिजे ते तुला नेहमी आधीच कसं माहीत असते गा? हा वाद आपण पुढे कित्येक वर्षं केला. चहा पिता पिता मध्येच तू म्हणायचास, "खालीच ठेवायले पायजे होती." मला वाटायचं, तू नाटकाबद्दल बोलतो आहेस.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. धोतर, पागोटं, सगळं अंगावर. वाटीत पहिल्यांदाच दारू घातलेली. तू रोखलीस, गाल दस्त्याला टेकवलास, मान वाकडी केलीस कारण त्याशिवाय ती तुला बसतच नव्हती. नळी वर उचललीस. घोडा पडला. वाटी तुझ्या डोळ्यासमोर होती, आणि दारूचा भडका डोळ्यातच गेला. माझ्या खांद्याला असती तर ती पलीकडच्या बाजूला गेली असती. माप बिघडलं तर तोंड भाजते, असं मिस्त्री म्हणाला होता ते तेव्हाच मला आठवलं.

माझ्याच टेम्पोत तुला गोंदियाला नेलं. तू ओला टॉवेल डोळ्यावर धरून बसला होतास. मी रडत होतो. तुझा हात चाचपडत माझ्या गुडघ्यावर आला. "तू कायले रडून राहिला? माह्याच हातानं केलं. तू त सांगून सांगून थकला." मी तोंड उघडलं. सुखदेव, खरंच उघडलं. ड्रायव्हरनं समोर आलेल्या म्हशींसाठी जोरात हॉर्न वाजवला आणि मी तोंड मिटलं. हॉर्नचं कारण मी बरीच वर्षं स्वतःला देत आलो.

डावा डोळा गेला. वडशाच्या नाटक कंपनीचा माणूस तुला कामावर घेण्यासाठी बघायलाच त्या मंडईला येणार होता. तो आला. नाटक ठरलेलं होतं, मंडप बांधलेला होता, शेजारच्या गावांची माणसं आलेली होती, म्हणून शिलेदार मी केला. डोळ्याला पट्टी बांधून तू दवाखान्यातून परत आलास आणि विंगेत पोत्यावर बसून मला वाक्यं पुरवलीस. मी दुसऱ्या अंकात अडखळलो तेव्हा अंधारातून तुझा आवाज आला, तुझ्याच जागेवर उभ्या असलेल्या माणसाला तुझंच वाक्य देणारा. कंपनीचा माणूस जाताना म्हणाला, "काम बरं आहे," आणि निघून गेला. पडदा पडल्यावर तू माझ्या खांद्यावरची बंदूक एका डोळ्यानं निरखत होतास.

"तुले कशी बसते गा ते! तुह्याच मापाची वाटते."

तू हसून म्हणालास. त्या हसण्यात काय होतं हे मला आजही ठरवता येत नाही. मला वाटतं, काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

तुझ्याबद्दल चांगलं लिहायला बसलो तर मला माझंच वाईट दिसतं, एवढी तुझी-माझी गोष्ट गुंतलेली आहे. माझ्या बापाच्या तेरवीच्या दिवशी वादळ आलं आणि मंडप उडू लागला, तेव्हा मधला खांब मिठी मारून तू धरून ठेवलास. पंगत उठेपर्यंत सोडला नाहीस. माझा धंदा बुडायला आला तेव्हा तूच ट्रकवाल्यांना माझ्या गोदामातल्या ताडपत्र्या विकून दिल्यास. प्रत्येक मंडईला पडदे टांगायला तू असायचास. नाटकात काम कर म्हटलं तर म्हणायचास, "एका डोळ्याचा हिरो कोनाले चालते? मी आपला मांगं बरा."

आणि तो रुमाल. वैशाली चार-पाच वर्षांची असेल. दुकानासमोर बसून ती डाव्या हातानं पाटी गिरवत होती. तू तिचा डावा हात रुमालानं बांधलास, फ्रॉकच्या पट्ट्याला गाठ मारून. ती रडत होती. तू मला म्हणालास, "डेबऱ्याचं काय होते, मले पुसा." मी तिथे स्टुलावर बसलो होतो. मी म्हणालो, "बरोबर आहे. लहानपनीच मोडावी लागते सवय."

हे मी म्हणालो. बाकी कशाचीही मला कधीतरी समजूत घालता आली असती. ह्याची नाही. तू घाबरून केलंस, तुला आपल्या हाताची भीती वाटत होती. ती भीती मीच तुला दिली होती, आणि तू ती आपल्या लेकीच्या हाताला बांधत असताना मीच बघत बसलो.

तुझ्या शेवटच्या संध्याकाळी तू महामार्गाच्या पलीकडच्या ढाब्यावर चहा सांगायला निघालास. मी गोदामातून आवाज दिला होता, "साखर कमी सांगजो." तू हात वर केलास. दुभाजकापर्यंत नीट गेलास, कारण तिथवर गाड्या उजवीकडून येतात. पुढे त्या डावीकडून येतात, तुझ्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूनं. ट्रकवाला म्हणत होता, त्यानं हॉर्न दिला. दिलाही असेल. ढाब्यावरच्या टीव्हीचा आवाज मोठा होता.

मी धावत आलो. त्याबद्दल लिहीत नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाचा मंडप मीच बांधला. विहारासमोरच्या जागेत, पांढरं कापड, माझेच भोंगे. वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमीच करा सगळं, त्यायले दुसऱ्याचा मंडप आवडत नोहता." भंतेजींनी वंदना घेतली, आम्ही सगळ्यांनी हात जोडले. तुझा फोटो लग्नातला लावला होता, दोन्ही डोळ्यांचा. मग लोक बोलायला उठले. भोजराज बोलता बोलता रडला आणि म्हणाला, "काय सांगू, त्याच्या डेबऱ्या हातानं त्याचा डोळा नेला, आन त्या डोळ्यानं आज आपला मानूस नेला."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. खरंच वाटलं त्यांना ते. इतकी वर्षं हेच तर ऐकलं होतं सगळ्यांनी. वैशाली पहिल्या रांगेत बसली होती. नर्सच्या नोकरीवरून तशीच आलेली. भोजराजचं ते वाक्य ऐकताच तिनं मांडीवरचा डावा हात उजव्या हाताखाली झाकून घेतला. तिला कळलंही नसेल तिनं काय केलं ते. मला कळलं.

माईकची उंची कमी-जास्त करायला मी कडेला उभाच होतो. भोजराजच्या हातातून मी माईक घेतला. लोकांना वाटलं, बंद करतो आहे.

मी सगळं सांगितलं. देवरीच्या पुढचा मिस्त्री, सुतळी, कुणाचा हात, घोड्याची बाजू, सरपंचाच्या अंगणातली बैठक, शाळेच्या पटांगणातलं माझं खोटं. तुला वाचून दाखवत असल्यासारखं क्रमानं सांगितलं. वहिनीनं मान वर केली नाही. भोजराज माझ्याकडे बघत होता, आणि तो माझ्याशी परत बोलेल असं मला वाटत नाही.

वैशाली बसल्या जागेवरून म्हणाली, "काका, बाबाले सांगतलं होतं काय तुमी हे?"

"नाही."

"कवाच नाही?"

"नाही."

"मंग बाबा माह्या हाताले रुमाल बांधत होते, तवा तुमी तिथंच बसले होते ना?"

"होतो, बाई."

माईक चालू होता. महामार्गापलीकडच्या ढाब्यापर्यंत माझा श्वास ऐकू जात असेल. मी तुझ्या फोटोकडे वळलो, आणि मोठ्यानं म्हणालो:

"सुखदेव, तुहा हात चुकला नोहता. तू वाकडा नोहता. बंदूक मी माह्यासाठी बनवली, आन लाजेपायी तुह्या खांद्यावर देल्ली. तुहा डोळा माह्यामुळं गेला. मी खोटं बोललो, रोज तुह्यासोबत चहा पिऊन खोटं बोललो. मले माफ कर. वैशाली, तुहा बी हात मीच बांधला. जमलं त माफ कर. नाही जमलं त नको करू."